फिरतें पातें आणि सुताराचीं बोटें

लांकडाला धारेच्या पात्यानें आकार देणें ही मनुष्याची फार जुनी विद्या होय. रंधा, पटाशी, वाकस, करवत हीं सारीं हत्यारें तिच्याच पोटीं जन्मलीं. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. हत्यार चालतें तें सुताराच्या दंडाच्या बळानें, आणि हात थांबला कीं हत्यारही थांबतें. पटाशी बोटावर घसरली तर जखम होते. परंतु एकदां घसरलेली पटाशी आपण होऊन पुन्हां बोटाकडे येत नाहीं. फिरत्या पात्याची गोष्ट निराळी. दोन धारांचें पातें मिनिटाला वीस हजार फेरे घेत असलें, तर आपला हात चुकला हें मनुष्याच्या ध्यानांत येऊन तो मागें घेतला जाईपर्यंत त्या धारा शंभराहून अधिक वेळां तेथून फिरून गेलेल्या असतात. आज सुतारकामाच्या कारखान्यांत, आणि हौसेनें लांकूडकाम करणाऱ्या गृहस्थांच्या घरींही, ‘राउटर टेबल’ या नांवाचें जें साधन दिसतें, त्याचा इतिहास म्हणजे या पात्याला कामाला लावण्याचा व त्याच वेळीं त्याला आवर घालण्याचा सव्वादोनशें वर्षांचा प्रयत्न आहे.

दाराच्या चौकटीची गोलाई, देव्हाऱ्याचा नक्षीदार कांठ, तसबिरीच्या चौकटीची उतरती कड, या सर्वांना सुताराच्या भाषेंत गलता म्हणतात. यंत्रापूर्वींच्या काळीं ज्या आकाराचा गलता त्या आकाराचा रंधा, असा नियम होता. इंग्लंडमधील कसबी सुताराच्या पेटींत असे रंधे डझनांनीं असत, आणि त्यांची किंमत त्याच्या कित्येक महिन्यांच्या मजुरीइतकी होई. खाचेचा तळ सपाट करण्यासाठीं एक निराळेंच हत्यार होतें. लांकडाच्या ठोकळ्यांतून एकच अरुंद पातें खालीं डोकावत असल्यामुळें इंग्रज सुतारांनीं त्याला ‘म्हातारीचा दांत’ असें विनोदी नांव दिलें होतें. राउटर हा शब्द मूळचा याच हातरंध्याचा. विजेचें यंत्र पुढें आलें आणि म्हातारीचें नांव घेऊन बसलें.

पातें फिरवून लांकूड कापावें ही कल्पना पद्धतशीरपणें मांडण्याचा मान सॅम्युएल बेंथॅम याच्याकडे जातो. तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅम याचा हा धाकटा भाऊ. त्याचा जन्म १७५७ सालचा. चौदाव्या वर्षीं तो वुलिच येथील सरकारी गोदींत जहाज बांधणाऱ्या कारागिराच्या हाताखालीं उमेदवारीस राहिला. १७८० मध्यें तो रशियास गेला व कांहीं काळानें प्रिन्स पोटेम्किन याच्या क्रिचेव येथील जहागिरींत कारखान्यांची देखरेख करूं लागला. कसबाचा गंध नसलेल्या मजुरांकडून कसबाचें काम करून घेणें, हा प्रश्न तेथें त्याच्यापुढें रोज उभा राही. त्यानें दोन उत्तरें शोधलीं. एक उत्तर असें कीं, मध्यभागीं बसलेल्या एका पाहणाऱ्याला सारे कामकरी दिसतील अशी इमारत बांधावी. हीच कल्पना घेऊन जेरेमीनें आपल्या प्रसिद्ध तुरुंगाचा आराखडा केला. दुसरें उत्तर असें कीं, कसब मनुष्याच्या हातांतून काढून यंत्राच्या अंगीं घालावें.

१७९१ मध्यें सॅम्युएल इंग्लंडला परतला. त्या तुरुंगांतील कैद्यांना काम कोणतें द्यावें, असा विचार भावाभावांत चालला होता. वडिलांच्या मृत्यूनंतर जेरेमीकडे आलेल्या वेस्टमिन्स्टरमधील घरांत लांकूडकामाचीं यंत्रें तयार होऊं लागलीं, आणि १७९३ मध्यें सॅम्युएलनें त्यांचें विस्तृत पेटंट घेतलें. रंधणें, खाचा पाडणें, कड कोरणें, गलता काढणें, हीं सारीं कामें फिरत्या पात्यांनीं कशीं करावीं याचें विवेचन त्यांत आहे. पुढें ऐंशीं वर्षांनीं, १८७२ सालीं, लांकूडकामाच्या यंत्रांवर मोठा ग्रंथ लिहिणारा अमेरिकन इंजिनिअर जॉन रिचर्ड्स यानें बेंथॅमची मुक्त कंठानें स्तुति केली आहे. तथापि एक गोष्ट विसरूं नये. हें यंत्र योजलें गेलें तें ज्याला लांकूड म्हणजे काय हें ठाऊक नाहीं अशा कैद्याच्या हातीं देण्यासाठीं. कसबी सुताराला हत्यार कोठें फसवील याचें ज्ञान हाताबरोबरच आलेलें असतें. नवशिक्याजवळ तें नसतें, आणि यंत्रानें जर तें आपल्या अंगीं घेतलें नाहीं, तर त्याची किंमत नवशिक्याला आपल्या शरीरानें द्यावी लागते.

बेंथॅमच्या पुढच्याच पायरीला हें यंत्रानें अंगीं घेतलें, ही आनंदाची गोष्ट आहे. १७९६ मध्यें तो आरमारी बांधकामाचा इन्स्पेक्टर-जनरल झाला. त्या काळच्या शिडाच्या जहाजाला दोर ओढण्यासाठीं लहानमोठ्या कप्प्या लागत. चौऱ्याहत्तर तोफांच्या एका युद्धनौकेला सुमारें एक हजार, आणि साऱ्या ब्रिटिश आरमाराला वर्षाला एक लाखाच्या घरांत. मार्क इझांबार्ड ब्रुनेल नांवाचा एक फ्रेंच इंजिनिअर राज्यक्रांतीच्या धामधुमींत नॉर्मंडी सोडून अमेरिकेस गेला होता व १७९९ मध्यें तेथून इंग्लंडला आला. त्याच्याजवळ कप्प्या करण्याच्या यंत्रांचे नकाशे होते. आरमाराला कप्प्या पुरविणाऱ्या साउदॅम्प्टनच्या कारखानदारानें त्याला दाद दिली नाहीं. बेंथॅमनें मात्र त्याची योग्यता ओळखली. यंत्रें घडविण्याचें काम हेन्री मॉड्स्ले याच्याकडे गेलें. असें सांगतात कीं, ब्रुनेल आपलें गुपित राखण्यासाठीं एका वेळीं एकच नकाशा मॉड्स्लेला दाखवी. पण दोनतीन नकाशे पाहतांच तो कसबी लोहार म्हणाला, हीं तर कप्प्या करण्याचीं यंत्रें!

पोर्टस्मथच्या गोदींत हीं यंत्रें १८०३ पासून उभीं राहूं लागलीं. चाळीसांहून अधिक यंत्रांची ही माळ होती. एकांत एल्म लांकडाच्या ठोकळ्याला भोंक पडे, दुसऱ्यांत खाच, तिसऱ्यांत लिग्नम व्हायटी या अतिकठिण लांकडाची चकती घडे. सर्वांत पाहण्याजोगें यंत्र बाहेरचा आकार कोरणारें. त्याच्या मोठ्या चाकाच्या परिघावर दहा ठोकळे एकदम आवळून बसवीत. चाक फिरे, पातें ठरलेल्या वक्र मार्गानें सरके, आणि दहाही ठोकळ्यांची एक बाजू एकाच वेळीं तयार होई. मग सर्व ठोकळे पाव वळणानें फिरवून पुढची बाजू. १८०८ च्या सुमारास तेथें वर्षाला एक लाख तीस हजार कप्प्या निघत होत्या, आणि पूर्वीं एकशेंदहा कारागीर करीत तें काम दहा साधे मजूर करीत. उरलेल्या शंभर कारागिरांचें काय झालें, हा प्रश्न त्या वेळच्या हिशेबांत कोणी मांडलेला दिसत नाहीं.

येथें एक बारीक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. पोर्टस्मथमध्यें लांकूड यंत्राच्या पकडींत असे. मजुराचा हात ठोकळा बसविण्यापुरता व काढण्यापुरता. पातें फिरत असतां त्याच्याजवळ हात नेण्याचें कारणच पडत नसे. (त्याच सुमारास मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्याच्या देखरेखीखालीं सागवानाचीं जहाजें वाकस-करवतीनें घडत होतीं. १८१० सालचें मिंडेन, १८१३ सालचें कॉर्नवॉलिस आणि १८१७ सालचें त्रिंकोमाली हीं त्यांतलींच. त्रिंकोमाली तर इंग्लंडमध्यें हार्टलपूल येथें अद्याप तरंगत आहे.)

परंतु कप्पी ही लाखांनीं एकाच आकाराची लागते. खुर्चीचा पाय, कोचाची पाठ, आरशाची चौकट हीं तशीं नव्हेत. विविध आकार कापावयाचे तर पकडींतून लांकूड सोडवून मनुष्याच्या हातांत देणें भाग होतें. १८५३ सालीं अमेरिकेंतील ओहायो संस्थानच्या अँड्र्यू गियर यानें तें करून दाखविलें. त्यानें फिरता आस टेबलाच्या पृष्ठभागांतून उभा वर काढला, त्याच्या माथ्याला पातें लावलें, आणि लांकूड टेबलावर सपाट ठेवून हातानें त्या पात्यासमोरून नेण्याची सोय केली. ब्रिटनमध्यें याला स्पिंडल मोल्डर आणि अमेरिकेंत शेपर हें नांव पडलें. या एका यंत्रानें गलत्याच्या रंध्यांची सारी पेटी निरुपयोगी करून टाकली. मात्र ज्या हातांत तीं रंध्यांचीं मुठीं असत, तेच हात आतां उघड्या पात्यापासून चार बोटांवर आले.

त्या काळच्या पात्यांची बैठक चौकोनी असे. रंधण्याच्या यंत्रांत चौकोनी लोखंडी दांड्याच्या बाजूंवर पातीं बोल्टांनीं कसलेलीं असत. दांडा चौकोनी असल्यामुळें पातें व टेबल यांच्यामध्यें दर पाव फेऱ्याला एक खोल फट उघडे. लांकूड उसळून हात खालीं गेला तर तो त्या फटींत ओढला जाई, आणि नुसत्या कातडीवर निभावत नसे. बोल्ट सैल होऊन पातेंच उडालें तर समोरचा मनुष्य जिवाला मुके. विसाव्या शतकाच्या प्रारंभीं युरोपांत गोल दांड्याचा प्रसार झाला. गोल दांड्यांतून पात्याची धार जेमतेम वर दिसते. बोट लागलें तर जखम होते, परंतु हात आंत जाण्यास जागाच राहत नाहीं. इतका साधा बदल, पण तो सुचण्यास व रुजण्यास अर्धें शतक लागलें.

इंग्लंडमध्यें १९२२ सालीं लांकूडकामाच्या यंत्रांविषयीं सरकारी नियम झाले, व हातानें लांकूड सरकविण्याच्या रंधायंत्राला गोल दांडा सक्तीचा ठरला. उभ्या आसाच्या यंत्रासाठीं त्या नियमांत तीन गोष्टी सांगितल्या होत्या. पात्याला कामाच्या मानानें शक्य तितकें चांगलें आवरण असावें. आवरण बसवितां येत नसेल तर लांकूड हातांत न धरतां एखाद्या पकडींत अथवा सांच्यांत धरावें. आणि यंत्रापाशीं ढकलकाठी नेहमीं ठेवलेली असावी. दुसऱ्या कलमांत पोर्टस्मथची पकड पुन्हां अवतरली आहे, हें चतुर श्रोत्यांच्या ध्यानांत येईल. हे नियम ब्रिटनमध्यें १९७४ पर्यंत चालले. आपल्याकडे १९४८ चा कारखाना कायदा झाला, आणि त्याखालील महाराष्ट्राच्या १९६३ च्या नियमांत उभ्या आसाच्या यंत्राचीं हींच तीन कलमें जवळजवळ त्याच शब्दांत आलीं. मात्र मूळ कायद्याप्रमाणें कारखाना म्हणजे जेथें शक्तीवर चालणारें यंत्र आहे व निदान दहा माणसें कामाला आहेत तें ठिकाण. गल्लींतल्या सुताराचें तीन माणसांचें दुकान या व्याख्येबाहेर राहिलें, आणि बोटें तर तेथेंही तितकींच असतात.

विजेची मोटर लहान झाली तेव्हां या गोष्टीला नवें वळण लागलें. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास न्यूयॉर्क संस्थानांतील सिरॅक्यूज येथें आर. एल. कार्टर नांवाचा सांचे घडविणारा कारागीर होता. एक काम घाईनें पुरें करावयाचें होतें, तेव्हां त्यानें न्हाव्याच्या विजेच्या केस कापण्याच्या यंत्राचा भाग घेऊन त्याला धार लावली व मोटरच्या आसावर चढविला, अशी आख्यायिका आहे. त्या युक्तींतून हातांत धरण्याचा विजेचा राउटर निघाला व त्याचा चांगला खप झाला. १९२९ सालीं स्टॅन्ले कंपनीनें कार्टरचा धंदा विकत घेतला. १९४९ मध्यें जर्मनींतील एलू कंपनीनें पातें चालू असतांनाच सरळ खालीं बुडवितां येईल असा राउटर काढला. दरम्यान पात्याची जातही सुधारली. टेलर व व्हाइट यांचें तापूनही धार न सोडणारें पोलाद १९०० च्या पॅरिस प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें, आणि १९२६ मध्यें जर्मनीच्या क्रुप कारखान्यानें टंगस्टन कार्बाइड बाजारांत आणलें. आजच्या पात्यांच्या धारेला, ज्यांना सुतार बिट म्हणतात त्यांना, बहुधा याच कार्बाइडचे तुकडे जडविलेले असतात.

राउटर हातांत धरून लांकडावरून फिरवितात. परंतु लांकूड अरुंद असलें तर यंत्र त्यावर तोल सांवरीत नाहीं. मग कोणा तरी कारागिरानें तें उलटें करून टेबलाखालीं टांगलें व पातें वर काढलें. थोडक्यांत, गियरचें यंत्र लहान रूपांत पुन्हां जन्मास आलें. मुंबई-पुण्याच्या नव्या इमारतींत फर्निचरचें काम करणारे सुतार आजही प्लायवूडच्या फळीला भोंक पाडून तिच्याखालीं राउटर स्क्रूनें बसवितात, व दोन घोड्यांवर ती फळी ठेवून काम काढतात. युक्ति नामी आहे. जुन्या यंत्राचे गुण तींत आहेत तसे दोषही आहेत. आणि आवरण, आडपट्टी व ढकलकाठी हा जुना संसार पुष्कळदां मागें राहून गेलेला असतो.

या टेबलावर काम करणाराला पहिली गोष्ट कळली पाहिजे ती दिशा. राउटर उलटा असल्यामुळें वरून पाहतां पातें घड्याळाच्या कांट्यांच्या उलट फिरतें. मनुष्य टेबलासमोर उभा असतां पात्याची त्याच्याकडील कड डावीकडून उजवीकडे जाते. म्हणून लांकूड उजवीकडून डावीकडे, म्हणजे धारेच्या तोंडावर न्यावयाचें. पात्याच्या मागें आडपट्टी असते व तिचें कांहीं पातें आपल्या पोटांत घेतलेलें असतें; लांकूड तिला टेकून सरकतें. उलट दिशेनें लांकूड नेलें तर पातें त्याला पकडतें आणि हातांतून हिसकावून फेंकतें. याहून घातक चूक म्हणजे लांकूड आडपट्टी व पातें यांच्यामधून घालणें. तेथें पात्याची मागची कड लांकडाला लागते, तिची गति उलटी असते, आणि गुऱ्हाळाच्या चरकांत ऊस ओढला जावा तसें लांकूड ओढलें जातें. ऊस धरणाराचा हात कोठें जातो हें आपल्या खेड्यांतून कोणाला सांगावें लागत नाहीं.

दुसरी गोष्ट वेगाची. फेरे तेच असले तरी पात्याचा व्यास वाढला कीं धारेचा वेग वाढतो. पाव इंच व्यासाचें पातें मिनिटाला २२,००० फेरे घेऊं लागलें तर त्याची धार ताशीं सुमारें २६ किलोमीटर वेगानें जाते. तीन इंच व्यासाच्या पात्याची धार तितक्याच फेऱ्यांनीं ताशीं सुमारें ३१६ किलोमीटर धांवते. म्हणून मोठें पातें दहा-बारा हजार फेऱ्यांवर उतरवूनच चालवितात, आणि ज्या राउटरचे फेरे कमी करतां येत नाहींत त्याला मोठें पातें लावीतच नाहींत.

पात्याचा दांडा ज्या पकडींत बसतो तिला कॉलेट म्हणतात. दांडा तिच्या तळाला टेकवून कसला तर घट्ट बसल्याचा भास होतो, पण कंपानें तो सरकतो. तो पुरता आंत घालून सुताभर वर घ्यावा आणि मग कसावा. हें सर्व राउटरची वायर विजेच्या सॉकेटमधून काढल्यावर करावयाचें असतें. नुसतें बटण बंद असून चालत नाहीं.

एका दमांत पुरी खोली कापण्याचा मोह नवशिक्याला आवरत नाहीं. जुना सुतार रंध्यानें एक एक ढलपी काढी, कारण त्याचा दंडच त्याला तेवढें काढूं देई. मोटर थकत नाहीं, त्यामुळें मर्यादा मनुष्यानें घालावी लागते. तीन-चार वेळां थोडें थोडें कापलें तर पातें तापत नाहीं, लांकूड फुटत नाहीं व काम गुळगुळीत निघतें. लांकूड फार हळू सरकविलें कीं कडेला जळल्याचे काळे डाग पडतात; फार वेगानें सरकविलें कीं धारेच्या लाटा उमटतात. मोटरच्या आवाजावरून योग्य चाल ओळखतां येते, आणि ती चार फळ्या वायां गेल्यावरच समजते. चारही कडांना गलता काढावयाचा असेल तर आडव्या रेशाच्या दोन बाजू आधीं कापाव्या. पातें बाहेर पडतांना तेथील कोपरा हमखास तुटतो; उभ्या रेशाची बाजू मागाहून कापली म्हणजे तो तुटका भाग निघून जातो.

आडपट्टी टेबलाच्या कडेला समांतर असावी अशी पुष्कळांची समजूत असते. गोल पात्याला दिशा नसते; त्याच्यापासून आडपट्टीचें अंतर बरोबर असलें म्हणजे पुरे. तिच्यावर कंगव्यासारखे तिरपे दांते पाडलेली फळी आवळून बसवितात. ती लांकडाला दाबून धरते व पुढें जाऊं देते, पण मागें येऊं देत नाहीं. तिच्यामुळें दाबण्याचें काम बोटांकडून सुटतें. उरतें ढकलणें, तें लांकडी ठोकळ्यानें करावें. वीतभराहून लहान तुकडा तर हातानें कधींच नेऊं नये. मोठ्या फळीच्या कडेला गलता काढून मग हवा तेवढा तुकडा कापून घ्यावा. वांकडीतिकडी कड असेल तेव्हां आडपट्टी चालत नाहीं. मग पात्याच्या माथ्यावर बसविलेलें लहान बेअरिंग लांकडाला टेकतें व वाट दाखवितें. अशा वेळीं टेबलांत बसविलेल्या खुंटीला लांकूड आधीं टेकवून मग हळूच पात्याकडे वळवावें लागतें. खुंटीवांचून हें काम करणें म्हणजे चालत्या आगगाडींत रुळावरून उडी मारणें होय. हातमोजे व सैल बाही हीं येथें संरक्षण नसून पात्याला दिलेलें आमंत्रण ठरतें. नाकावर मात्र फडकें अथवा मुखवटा असावा. लांकडाची बारीक धूळ मनुष्याला कर्करोग करणारी आहे, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें १९९५ सालीं दिला आहे.

युरोपांत आतां हातानें लांकूड सरकविण्याच्या यंत्रासाठीं जीं पातीं घडवितात, त्यांची धार मागच्या भरीव अंगापासून सुमारें एक मिलिमीटरच वर ठेवतात. गोल दांड्याचीच ती पुढची पायरी. पात्यानें एका वेळीं जास्त घास घेऊंच नये, अशी ही तजवीज आहे. ब्रिटनमध्यें १९९८ च्या नियमांनंतर उभ्या आसाच्या यंत्रांना अशीं पातीं, आणि बटण बंद करतांच आस लौकर थांबविणारा ब्रेक, हीं दोन्हीं लावण्यांत आलीं. आपल्या बाजारांत अशीं पातीं दुकानदाराकडे मागावीं लागतात, कारण साध्या पात्यापेक्षां त्यांची किंमत अधिक असते.

पोर्टस्मथच्या इमारतींत कप्प्या होण्याचें १९६५ मध्यें बंद झालें. तेथील कांहीं यंत्रें लंडनच्या विज्ञान संग्रहालयांत नेऊन ठेवलीं आहेत. दहा ठोकळे एकदम आवळून धरणारें तें मोठें चाकही त्यांत आहे.